दिवसा चावणारे डास पुन्हा पुन्हा होतात: मधले दिवस मोजा, चूक सापडेल

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. धूरफवारणी झाली, कुंड्यांखालचं पाणी ओतून टाकलं, टाकीत औषधही घातलं. चार दिवस बरे गेले. मग एके दुपारी टेबलाखाली घोट्याला चावा बसतो आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला तोच काळा डास दिसतो. ‘औषधात दमच नाही’ म्हणत आणखी औषध मारलं जातं आणि पंधरवड्याने पुन्हा तीच रड.

औषध बदलण्याआधी एक आकडा काढा. उपाय केला त्या दिवसापासून डास पुन्हा चावू लागेपर्यंत किती दिवस गेले? अंडं, अळी, कोष, डास या प्रत्येक टप्प्याला ठरावीक दिवस लागतात. त्यामुळे आपल्या हातून कोणता टप्पा सुटला, हे बहुतेक वेळा या आकड्यावरूनच कळतं.

आधी डास तोच आहे ना?

इथून पुढचं सगळं एडिस डासाबद्दल आहे. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारा तो हा. एडिस इजिप्तीच्या पाठीवर पांढऱ्या रेषांची वीणेसारखी नक्षी असते: बाहेरून दोन वळलेल्या रेषा, मध्ये दोन बारीक सरळ. त्याच्या भाऊबंदाच्या, म्हणजे एडिस अल्बोपिक्टसच्या पाठीवर मधोमध एकच ठळक पांढरी रेघ असते. दोघांचाही चावण्याचा जोर सकाळी उजाडल्यावर दोन-तीन तास आणि संध्याकाळी सूर्य मावळण्याआधी. रात्री झोपेत कानाशी गुणगुणणारा तपकिरी डास क्युलेक्स असण्याची शक्यता जास्त. तो घाण पाण्यात, गटारात वाढतो. त्याच्यासाठी कुंड्या घासत बसलात तर मेहनत वाया जाईल.

अळीवरूनही ओळख पटते. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडासमोर धरा. एडिसची अळी शेपटाकडची आखूड, जाडसर नळी पृष्ठभागाला लावून डोकं खाली करून लटकते. क्युलेक्सची नळी लांब आणि सडपातळ असते. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनॉफिलीसला नळीच नसते, त्यामुळे तिची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते.

मधले दिवस काय सांगतात

एक-दोन दिवसांतच चावे सुरू झाले, तर उडणारे डास मेलेच नव्हते किंवा शेजारून आले. इथे दोष फवारणीत आहे, पाण्यात नाही.

तीन ते पाच दिवसांनी सुरू झाले, तर तुम्ही उपाय केलात तेव्हा कुठेतरी कोष तयार होते. स्वल्पविरामासारखा दिसणारा, पाण्यात कोलांट्या मारणारा हा कोष काहीही खात नाही. त्यामुळे पोटात जाऊन काम करणारं बीटीआय जिवाणूचं औषध त्याला लागू पडत नाही आणि टेमिफॉस या अळीनाशकानेही तो सहसा मरत नाही. दोन दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो आणि आणखी एक-दोन दिवसांनी मादी रक्ताच्या शोधात निघते. कोष दिसलेलं पाणी औषध घालून ठेवायचं नसतं, ते फेकायचंच असतं.

सात ते बारा दिवसांनी सुरू झाले, तर पाणी ओतलं पण भांडं घासलं नाही, किंवा एखादं भांडं नजरेतून सुटलं. सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच.

तीन आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत शांतता होती आणि मग अचानक झुंड आली, तर एकतर अळीनाशकाची मुदत संपली किंवा कोरडी पडून असलेली अंडी पहिल्या पाण्याने जागी झाली.

हे दिवस २७ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाचे आहेत. पाणी २० अंशांच्या आसपास असेल तर अळीपासून डासापर्यंत दोन-तीन आठवडेही जातात, आणि खाणं कमी व गर्दी जास्त असेल तर त्याहून अधिक. थंडीत सगळे आकडे त्या प्रमाणात ताणून वाचा.

ओतलं, पण घासलं नाही

एडिसची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला ती एकेक अंडं चिकटवते. एका खेपेला साधारण शंभर अंडी, आणि तीही सगळी एकाच भांड्यात नाहीत: थोडी पिंपात, थोडी बशीत, थोडी टायरमध्ये. दहातली नऊ भांडी साफ केली तरी दहाव्यात तिचा वंश शिल्लक राहतो तो यामुळेच. घातल्याबरोबर अंडं पांढरं असतं, काही तासांत काळं पडतं. लांबी एक मिलिमीटरपेक्षाही कमी. भांड्याच्या आत काजळीच्या कणांसारखी एक विरळ रेघ दिसते, आणि ती मळ समजून सोडून दिली जाते.

अंड्यातला गर्भ दोन-तीन दिवसांत तयार झाला की ते अंडं कोरडं पडलं तरी मरत नाही. सहा महिने, कधी त्याहून जास्त काळ ते तसंच टिकतं. भांडं पालथं करून ठेवलं, उन्हाळाभर अडगळीत पडलं, पुन्हा पाणी भरलं की एका दिवसाच्या आत अळ्या. शिवाय सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. काही पहिल्या पाण्याला, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या. एकदा पाणी भरून ओतून दिल्याने भांडं स्वच्छ झालं असं समजू नका.

शंका असलेल्या कोरड्या भांड्याची परीक्षा घरीच होते. पाणी उकळून पूर्ण गार करा, भांडं काठोकाठ भरा, त्यात चिमूटभर यीस्ट टाका आणि सावलीत झाकून ठेवा. उकळल्याने पाण्यातला विरघळलेला प्राणवायू कमी होतो, यीस्ट तो आणखी खातं, आणि प्राणवायू घटणं हीच अंडी फुटण्याची खूण असते. २४ ते ४८ तासांनी विजेरीचा झोत तिरपा मारून पाहा. मिलिमीटरभर लांबीचे, धाग्याच्या तुकड्यासारखे वळवळणारे जीव दिसले तर त्या भांड्यात अंडी होती. तळाला थोडंच पाणी घालून ही परीक्षा करू नका, रेघ वर असते, ती बुडली पाहिजे. पाहून झाल्यावर ते पाणी लगेच फेका.

घासायचं कसं: भांडं रिकामं करा, खरखरीत ब्रश घ्या, आणि पाण्याची जी नेहमीची रेषा असते तिच्या वर-खाली वीतभर पट्टा जोर लावून घासा. मऊ स्पंज अंड्यांवरून नुसता घसरतो. सिमेंटच्या हौदाला बारीक खाचा असतात, तिथे ब्रशही पुरत नाही. होंडुरासमध्ये यासाठी क्लोरीनचं ब्लीच आणि कपड्याच्या साबणाची पूड कालवून ते भिंतीला फासायची पद्धत वापरली गेली: दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं, मग घासून धुवायचं. ब्लीच अंड्याचं कवच खातं, म्हणून हा उपाय चालतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि संडास धुण्याचं आम्लयुक्त द्रव त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. धातूच्या किंवा चिनी मातीच्या लहान भांड्यांना उकळतं पाणी पुरतं.

ओतायचं ते कोरड्या, उन्हातल्या मातीवर. मोरीत किंवा गटारात ओतलेले कोष तिथल्या साचलेल्या पाण्यात खुशाल डास होतात.

हे सगळं दर सात दिवसांनी, एक वार ठरवून. ‘आठवडाभराने कधीतरी’ याचा अर्थ प्रत्यक्षात नऊ-दहा दिवस होतो, आणि उन्हाळ्याच्या पाण्यात तेवढे दिवस पिढी पुरी व्हायला पुरतात.

सुटलेलं भांडं शोधणं

मादी सहसा आयुष्यभरात शंभर मीटरच्या आत-बाहेरच फिरते. म्हणजे उगम तुमच्या वास्तूत किंवा लागूनच्या दोन-तीन घरांत आहे. दूरच्या नाल्याकडे बोट दाखवायची सवय इथे आड येते.

बादली, पिंप, टायर हे सगळेच तपासतात. सुटतं ते पुढचं. फ्रिजच्या मागची ठिबक-ताटली: कॉम्प्रेसरच्या उबेने तिथे अळ्या लवकर वाढतात. एसीच्या नळीखाली ठेवलेला डबा. पाहुण्यांच्या खोलीतला महिनोन्‌महिने न वापरलेला संडास, त्याचं भांडंही आणि फ्लशची टाकीही. क्वचित वापरातल्या न्हाणीघराची जाळी. छपराची पन्हळ, जिच्यात पानं तुंबून मागे पाणी थांबतं. ताडपत्रीची घडी. फाटकाच्या किंवा कठड्याच्या पोकळ पाइपांची उघडी तोंडं. लिफ्टचा खड्डा. पाण्याच्या मीटरची पेटी. झाडाची ढोली, कापलेल्या बांबूचं पेर, पानांच्या बेचक्यात पाणी धरणारी शोभेची झाडं. आणि टाकीचं झाकण: टाकी बंद आहे म्हणून निर्धास्त, पण झाकणच मधे खोलगट, त्यात पावसाचं ओंजळभर पाणी. एवढं पाणी भरपूर झालं.

भांड्यांवर डोकावताना सावली पडू देऊ नका. हालचाल जाणवली की अळ्या तळाला जातात आणि मिनिटभर वर येत नाहीत. विजेरी बाजूने धरा आणि दोन मिनिटं थांबा. मोठ्या टाकीत बारीक जाळी कडेकडेने गोल फिरवून पांढऱ्या ताटात उलटी करा.

सगळीकडे सारखा वेळ घालवू नका. अळ्या मोजण्यापेक्षा कोष मोजा. अळ्यांपैकी पुष्कळशा मोठ्या होण्याआधीच मरतात, कोषांपैकी बहुतेक डास होतात. बाटल्यांची शंभर टोपणं मिळून जेवढे डास देत नसतील तेवढे एक सावलीतलं पिंप देतं. ज्या दोन-तीन भांड्यांत सर्वाधिक कोष, ती आधी संपवा.

काहीच सापडत नसेल तर सापळा लावा. अर्धा-एक लिटरचा काळा डबा, निम्मं पाणी, त्यात वाळलेलं गवत दोन-तीन दिवस भिजवलेलं, आत कडेला उभी लावलेली खरखरीत कापडाची किंवा जाड टीपकागदाची पट्टी. जमिनीलगत सावलीत ठेवा. पाचव्या दिवशी पट्टीवर काळे ठिपके आले तर अंडी घालणाऱ्या माद्या फिरताहेत. असे चार डबे चार कोपऱ्यांत ठेवले की ठिपके कुठे जास्त ते पाहून शोधाची दिशा मिळते. पाचव्या दिवशी डबा उचलायला विसरलात तर तोच कारखाना होतो, हे मात्र ध्यानात असू द्या.

कोरड्या महिन्यांत, भांडी साफ असूनही डास भरपूर असतील तर सेप्टिक टँककडे वळा. एडिस फक्त स्वच्छ पाण्यात होतो हे अर्धसत्य आहे. पोर्तो रिकोत सेप्टिक टँकमधून एडिस इजिप्ती मोठ्या संख्येने बाहेर पडताना आढळला आहे. हवा जाण्याच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळीची पिशवी दिवसभर बांधून ठेवा, आत डास जमले तर उत्तर मिळालं. पाइपाला १.२ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची, न गंजणारी जाळी बसवा, झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवा. टाकीत उतरू नका आणि डोकंही घालू नका, आतल्या वायूने माणूस दगावतो.

औषध घातलं, तरी अळ्या दिसतात

इथे पहिला प्रश्न: कोणतं औषध? पायरीप्रॉक्सिफेन घातलं असेल तर अळ्या दिसणारच. ते अळीला मारत नाही, कोषातून डास बाहेर पडू देत नाही. वळवळणाऱ्या अळ्या पाहून लोक दुप्पट मात्रा घालतात, त्याची गरज नसते. खात्री करायची तर त्या पाण्यातले वीस कोष त्याच पाण्यासह बरणीत घ्या, तोंडाला कापड बांधा, चार दिवसांनी किती डास निघाले ते मोजा. एखाद-दुसरा निघाला तर औषध चालतंय. मात्रा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ टक्के दाणे असतील तर हजार लिटरला २ ग्रॅम.

टेमिफॉसचं गणित वेगळं. मात्रा लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्का वाळूचे दाणे १०० लिटरला १० ग्रॅम, २०० लिटरच्या पिंपाला २० ग्रॅम. हिशेब भांड्याच्या पूर्ण मापावर करायचा, आत्ता त्यात किती पाणी आहे यावर नाही. पाणी पिण्याचं असेल तर ही मात्रा ओलांडायची नाही. पाणी फार उपसलं जात नसेल तर आठ ते बारा आठवडे परिणाम राहतो. पिंप दर आठवड्याला धुतलं जात असेल तर दाणे पाण्याबरोबर निघून जातात. अशा पिंपाला ते पुरचुंडीत बांधून सोडा आणि धुताना पुरचुंडी बाजूला काढा. खरं तर दर आठवड्याला घासलं जाणाऱ्या पिंपाला औषधाची गरजच नाही.

मात्रा बरोबर असूनही अळ्या जिवंत असतील तर दोन बरण्या घ्या: एकीत औषधाचं पाणी, दुसरीत साधं. दोन्हींत पंचवीस-पंचवीस मध्यम वाढीच्या अळ्या सोडा. २४ तासांनी साध्या पाण्यातल्या जिवंत आणि औषधातल्या जवळजवळ सगळ्या मेलेल्या असायला हव्यात. औषधातल्या तीन-चार किंवा अधिक जगल्या, तर त्या डासांत प्रतिकार आलेला असू शकतो, म्हणून गट बदला: टेमिफॉसऐवजी बीटीआय किंवा पायरीप्रॉक्सिफेन. बीटीआय उन्हात आणि गढूळ पाण्यात लवकर निकामी होतं, तिथे ते पुन्हा लवकर घालावं लागतं.

मासे सोडायचे तर गप्पी चालतील, पण चारी बाजूंनी बंद हौदात किंवा कारंज्यातच. गॅम्बुसिया हा तर डासांवरचा उपाय म्हणून विसाव्या शतकात जगभर सोडला गेला आणि आज जगातल्या शंभर उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. तो बेडकांची अंडी आणि स्थानिक माशांची पिल्लं खातो. तळ्यात, विहिरीतून ओढ्यात जाणाऱ्या पाण्यात हे दोन्ही मासे सोडू नका. एका परक्या जीवावर दुसरा परका सोडण्याचा हिशेब क्वचितच जमतो. एडिस स्वतः तरी कुठला? इजिप्ती आफ्रिकेतून जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून जगभर गेला. आशियातला अल्बोपिक्टस १९७९ मध्ये अल्बेनियात सापडला, १९८५ मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टनला जुन्या टायरांतून पोहोचला आणि २००१ मध्ये लकी बांबूच्या पाण्यातून कॅलिफोर्नियात उतरला. तीच वाळकी अंडी, तोच प्रवास. जुने टायर किंवा पाण्यातली रोपं बाहेरून घरी आणताना आधी घासा किंवा मुळं धुऊन पाणी बदला.

धूर मारूनही दुसऱ्या दिवशी डास

धुराचे थेंब फार बारीक, ३० मायक्रॉनपेक्षा कमी असतात. ते हवेत उडत असलेल्या डासाला लागतात, आणि थोड्या वेळात विरतात. मागे काही उरत नाही. एडिस इजिप्ती दुपारी पलंगाखाली, कपाटामागे, खुंटीवरच्या गडद कपड्यांत विसावलेला असतो. दारं-खिडक्या लावून घेतलेल्या घरासमोरून गाडी धूर सोडत गेली तर त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. भर दुपारी तापलेल्या हवेत धूर वर निघून जातो. सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या आधी, वारा मंद असताना, आणि बाहेरून फवारणी असेल तर दारं उघडी ठेवून. अन्न आणि पाणी झाकायचं, माणसं आणि पाळीव प्राणी बाहेर.

बहुतेक फवारे पायरेथ्रॉइड गटातले असतात, आणि या गटाला दाद न देणारे एडिस आता अनेक देशांत आहेत. डास खाली पडतो, पाय झाडतो आणि तासाभराने उडून जातो, असं दिसलं तर तीच शंका घ्या. पडलेले डास पेल्यात गोळा करून, कापसाचा साखरपाण्यात बुडवलेला बोळा ठेवून २४ तासांनी मोजले की कळतं. तोच गट जास्त मात्रेने मारल्याने प्रतिकार वाढतो. घरातल्या घरात फवारायचं तर मध्यभागी हवेत नाही: पलंगाखाली, फर्निचरच्या मागे, भिंतीच्या खालच्या दीड मीटर भागावर.

निळ्या दिव्याचा सापळा दिवसा चावणाऱ्या एडिससाठी कुचकामी आहे, त्यात भलतेच कीटक मरतात. ध्वनिलहरींची यंत्रंही चालत नाहीत. अंगावर लावायला २० टक्के किंवा अधिक डीट अथवा पिकारिडीन असलेलं मलम खरं काम करतं.

धूर अगदीच निरुपयोगी मात्र नाही. घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तेव्हा विषाणू घेऊन फिरणारी मादी आजच मारायला हवी, आणि अळ्यांवरच्या उपायाने ती मरत नाही. विषाणू तिच्या पोटातून लाळेत यायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात, मग ती जगेल तितके दिवस तो पसरवत राहते. रुग्णाला तापाचे पहिले पाच-सहा दिवस दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, म्हणजे नवीन माद्यांना विषाणू मिळत नाही.

मोसम संपताना

कूलर, पिंपं, कुंड्यांच्या बशा पुढच्या वर्षासाठी उचलून ठेवताना वर सांगितल्याप्रमाणे आतून घासा, वाळवा, मगच ठेवा. कूलरच्या गवताच्या किंवा कागदी जाळ्यांना अंडी चिकटलेली असतात, ती घासून निघत नाहीत. जाळ्या बदला आणि जुन्या बंद पिशवीत भरून टाका, उघड्या कचऱ्यात ओल्या होतील अशा नाही. वापरात राहणाऱ्या बशा काठापर्यंत वाळूने भरा, म्हणजे ओल राहते पण उघडं पाणी राहत नाही. टाकीचं झाकण खोलगट असेल तर ते फुगीर बसवा, किंवा मधोमध भोक पाडून खाली जाळी लावा.